सिगारची पारख

एखादा सिगार आपल्याला आवडला का आणि तो चांगल्या प्रतीचा आहे का, हे दोन प्रश्न बहुतेक जण एकाच दमात विचारतात, आणि त्यामुळे दोन्हींची उत्तरे गढूळ होतात. आवड ज्याची त्याची असते. कुणाला कनेक्टिकट शेडच्या, म्हणजे सावलीत वाढवलेल्या, फिकट, रेशमी पानाचा सौम्य स्वाद रुचतो, तर कुणाला निकाराग्वामधील एस्तेलीच्या तंबाखूचा मिरीसारखा झणका हवा असतो. दर्जा मात्र बऱ्याच अंशी तपासता येतो, कारण पान कसे पिकवले, किती धीराने आंबवले आणि किती कुशल हाताने वळले यावर तो ठरतो, आणि या तिन्ही गोष्टींच्या खुणा सिगारमध्ये शिल्लक राहतात. या खुणा ओळखायला शिकलो तेव्हापासून सिगारमधला माझा आनंद कितीतरी वाढला, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रीमियम सिगार हाताने वळलेला आणि निव्वळ तंबाखूचा असतो. त्यात कागद नसतो, आणि आतला फिलर चुऱ्याचा नसून सिगारच्या लांबीएवढ्या पानांचा असतो. फिलरला बाइंडरचे पान बांधून ठेवते आणि सर्वांत वर रॅपरचे पान येते. तपासणीची सुरुवात बोटांनीच करावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून सिगार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने दाबत न्यावा. मध्येच बोट खचले तर तिथे पाने कमी पडली आहेत, आणि गाठ लागली तर तिथे धूर अडणार आहे. रॅपरकडे पाहताना मात्र ते कोणत्या जातीचे आहे हे आधी लक्षात घ्यावे. कॅमेरून पानाच्या पृष्ठभागावर बारीक दाणे असतात, आणि कनेक्टिकट ब्रॉडलीफ जाड व शिरांचे असते. हे त्यांचे दोष नव्हेत. शेडच्या पानावर तशाच ठसठशीत शिरा दिसल्या तर मात्र निवड हलगर्जीपणे झाली असे म्हणता येते. टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली तर तंबाखूचा किडा लागला आहे असे समजून तो सिगार लगेच बाकीच्यांपासून वेगळा करावा.

हे सगळे पाहण्यापूर्वी सिगार योग्य स्थितीत आहे ना, याची खात्री करून घ्यायला हवी, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते. 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवलेला सिगार दाबल्यावर किंचित दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. कोरडा पडलेला सिगार भराभर जळतो, धूर कढत येतो आणि चव तिखट होते. फार ओलावा धरलेला सिगार विझत राहतो आणि आंबूस लागतो. दोन्ही वेळा दोष साठवणुकीचा असतो आणि बोल मात्र कारखान्याला लागतो. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेला सिगार ह्युमिडरमध्ये, म्हणजे ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, काही आठवडे विसावू द्यावा आणि मगच त्याच्याविषयी मत बनवावे.

तोंडात धरायच्या टोकावरील टोपीचा अगदी वरचा भाग कापल्यानंतर, न पेटवता घेतलेला झुरका पुष्कळ काही सांगून जातो. हवा सहज यावी, पण थोडासा रोध जाणवावा. अजिबात रोध नसेल तर सिगार गरम जळणार, आणि गाल आत ओढावे लागले तर पाने दाटून भरली आहेत. आतली पाने कशी रचली आहेत यावर हे अवलंबून असते. एंतुबादो पद्धतीत वळणारा प्रत्येक पानाची सैल नळी करून त्या नळ्या एकत्र धरतो, त्यामुळे हवेला वाट मिळते. पुस्तकासारखी घडी घालून वळण्याची पद्धत झटपट होते, पण तिच्यात धूर अडण्याची शक्यता जास्त असते.

पाने कोणती आणि कुठे ठेवली, हे जळताना दिसते. रोपाच्या खालच्या भागातील व्होलादो पान चांगले जळते, मधले सेको सुगंध देते, आणि शेंड्याकडचे, भरपूर ऊन मिळालेले लिहेरो जाड, तेलकट आणि निकोटिनयुक्त असते. लिहेरो सावकाश जळत असल्यामुळे ते बरोबर मध्यभागी यायला हवे. ते एका बाजूला सरकले तर एक कड जळत पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. राख आपोआप गळल्यावर निखाऱ्याकडे जवळून पाहावे: मध्यभागी टोक आलेला शंकूसारखा निखारा दिसला तर वळणाऱ्याने आपले काम चोख केले आहे. राखेचा रंग आणि लांबी यांना मात्र मी फारसे महत्त्व देत नाही. लांब टिकणारी राख अखंड पानांची साक्ष देते, पण चवीबद्दल ती काहीच सांगत नाही.

चवीकडे वळताना पहिले काही झुरके सोडून द्यावेत, कारण त्यांत पेटवण्याचाच वास अधिक असतो. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तो अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात उतरते. म्हणूनच धूर न गिळताही कडक सिगारने डोके गरगरते, आणि म्हणूनच धूर गिळला नाही म्हणजे धोका टळला असेही होत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि सिगारविषयी लिहिणाऱ्याने हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे असे मला वाटते. स्वाद ओळखण्याची रीत अशी: धूर तोंडात घोळवावा, बहुतेक बाहेर सोडावा आणि उरलेला थोडासा तोंड मिटून नाकावाटे काढावा. जिभेला कडू, गोड, खारट, आंबट अशा मोजक्या मूळ चवीच कळतात. देवदार, कोको, भाजलेले बदाम, ओली माती या छटा नाकाला कळतात.

या क्षणी नाकात सुईसारखी झोंबणारी कळ आली, तर ती मिरीची आहे की अमोनियाची, हे ओळखता येणे हे मी पारखीतले सर्वांत महत्त्वाचे कौशल्य मानतो. तंबाखूची पाने रचून मोठे ढीग करतात, त्यांना पिलोन म्हणतात. आतली उष्णता वाढत जाते, ठरावीक तापमानाला ढीग मोडून वरखाली करून पुन्हा रचला जातो, आणि या आंबण्यात अमोनिया निघून जातो. घाई केली की तो पानातच राहतो. मिरीचा झणका जिभेच्या टोकावर आणि नाकपुड्यांत उठतो व हळूहळू गोडसर होत विरतो. अमोनिया घशाच्या मुळाशी ओरखडा काढतो आणि मागे काहीच ठेवत नाही. वळताना पाने ओलसर करावी लागत असल्याने ताज्या सिगारमध्येही हा दर्प येतो. तेव्हा असा सिगार काही महिने ठेवून पुन्हा ओढून पाहावा. तरीही दर्प गेला नाही तर पानच कच्चे आहे असे खुशाल म्हणावे.

कडकपणाला दर्जा समजण्याची चूक सर्रास होते. निकोटिनचा जोर, तोंडात जाणवणारा धुराचा भरीवपणा आणि स्वादाची समृद्धी ही तीन वेगवेगळी मोजमापे आहेत. अत्यंत कडक सिगार चवीला सपाट असू शकतो, आणि सौम्य सिगार शेवटपर्यंत नवनव्या छटा देत राहतो. माझा निर्णय मी सिगारच्या तीन भागांपैकी मधल्या भागात घेतो, कारण तोवर मिश्रण स्थिरावलेले असते आणि अखेरच्या भागातील उष्णता अजून आलेली नसते. तिथे स्वाद बदलतो का, एकच चव बाकीच्यांना दडपून टाकते का, आणि झुरका सोडल्यावर तोंडात काय रेंगाळते, याकडे मी लक्ष देतो. मिनिटाला साधारण एकच झुरका घ्यावा; त्याहून घाई केल्यास उत्तम पानही कडवट होते.

शक्य असेल तेव्हा सिगारवरील नावाची पट्टी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावी, म्हणजे नाव न कळता पारख होते. 1962 मधील अमेरिकी व्यापारबंदीनंतर क्यूबाच्या नावाभोवती मोठे वलय निर्माण झाले. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतामधील वुएल्ता आबाहो भागाचे पान थोर आहे यात शंका नाही. पण क्यूबा सोडून गेलेल्या अनेक तंबाखू उत्पादकांनी डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वा येथे आपले कसब नेले, आणि पट्टी नसताना जुन्या जाणकारांचेही अंदाज चुकतात. तुलना एकाच आकाराच्या, एकाच आर्द्रतेत ठेवलेल्या सिगारांची करावी, एका बैठकीत एकच ओढावा आणि सोबत फक्त पाणी घ्यावे. हातकामात थोडाफार फरक पडणारच, म्हणून एका सिगारवरून निकाल देणे अन्यायाचे ठरते. त्याच पेटीतील दुसऱ्याने पहिल्याशी मेळ खाल्ला नाही तर तिसरा ओढावा, आणि तोही वेगळाच निघाला तर चव कितीही मोहक असली तरी गुण कमी करावेत.