रिमोट डेस्कटॉपची स्क्रीन रखडते? आधी फ्रेम कुठे गळतात ते बघा

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुसरीकडचा विंडोज संगणक आपल्या पडद्यावर चालवताना, पान सरकवलं की अक्षरं तुकड्यातुकड्यांनी उमटतात. मग बहुतेक जण वॉलपेपर बंद करतात आणि रंग ३२ बिटवरून १६ वर आणतात. वॉलपेपरचं ठीक आहे, पण रंग कमी करू नका. विंडोजची नवी ग्राफिक्स पद्धत ३२ बिटवरच चालते. १६ केलंत की जोडणी जुन्या पद्धतीवर घसरते आणि काम उलट हळू होतं.

सेटिंगला हात लावण्याआधी मोजमाप करा. पलीकडच्या मशीनवर परफॉर्मन्स मॉनिटर (विंडोजमधलंच मोजमापाचं साधन) उघडून 'रिमोटएफएक्स ग्राफिक्स' या गटातले 'फ्रेम्स स्किप्ड' काउंटर, म्हणजे गळलेल्या फ्रेमचे (स्क्रीनच्या एकेका चित्राचे) आकडे, लावा. ते तीन आहेत: नेटवर्क, सर्व्हर (पलीकडचं मशीन) आणि क्लायंट (तुमचं मशीन). एखादं लांबलचक पान सरकवत राहा आणि कोणता आकडा चढतो ते बघा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका.

नेटवर्कचा आकडा चढला, तर पूर्ण स्क्रीनवर वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक करा. यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबता डेटा पाठवण्याची पद्धत) चालू आहे की नाही, ते तिथे कळतं. अनेकदा फायरवॉलमध्ये ३३८९ पोर्ट फक्त टीसीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी उघडलेलं असतं. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी थांबतात, आणि स्क्रीन अडकते ती इथेच. तेच पोर्ट यूडीपीसाठीही उघडा. व्हीपीएनवर मात्र नेमकं उलटं होऊ शकतं. व्हीपीएनचं आवरण चढल्यावर पॅकेट एमटीयूच्या (एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या) बाहेर जातं, त्याचे तुकडे पडतात, वाटेत गळतात आणि चित्र मधूनच गोठतं. एमटीयू कमी करून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर क्लायंटच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या धोरणांच्या यादीत) 'टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट' चालू करा.

सर्व्हरचा आकडा चढत असेल, तर 'ॲव्हरेज एन्कोडिंग टाइम', म्हणजे एक फ्रेम दाबून पाठवण्याजोगी करायला लागणारा सरासरी वेळ, बघा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल आणि मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याच मशीनच्या ग्रुप पॉलिसीत 'रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट'मधली दोन धोरणं चालू करा: सगळ्या सेशनसाठी हार्डवेअर ग्राफिक्स वापरणं आणि एच.२६४ या व्हिडिओ पद्धतीचं हार्डवेअर एन्कोडिंग.

क्लायंट कमी पडत असेल, तर रिझोल्यूशन उतरवा किंवा एक मॉनिटर कमी करा. १९२० बाय १०८० ची एक कच्ची फ्रेम सुमारे ८ एमबीची. ४के पडद्यावर तीच चौपट होते.

सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा ६० वर नेणारी नोंदही पलीकडच्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) करता येते. 'टर्मिनल सर्व्हर'खालच्या 'विनस्टेशन्स'मध्ये 'डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल' नावाचा डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) बनवा, त्याला दशमान १५ किंमत द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. पण तिन्ही काउंटर शून्यावर टिकल्याशिवाय हे करू नका. फ्रेम आधीच गळत असतील, तर दुप्पट फ्रेम म्हणजे जास्तच गळती.