एकच आकडा द्या ना, मॅडम

एका संस्थेने उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण मोजणारा सेन्सर आमच्याकडे तपासायला पाठवला होता. दिव्याखाली तो अगदी शहाण्यासारखा वागला. दिवा म्हणजे हजार वॅटचा क्वार्ट्झ हॅलोजन. काचेला बोट लागता कामा नये, अर्धा तास तापू द्यायचा, अंतर बरोबर 50 सेंटिमीटर, करंट आठ अँपिअरच्या आसपास आणि एकदा लावला की तसूभर हलायला नको. दिवा किती तास जळला हेही वहीत लिहायचं, कारण तोही म्हातारा होतो. पाठवणाऱ्या संस्थेला वाटतं, इथेच काम संपलं.

पण दिवा म्हणजे ऊन नव्हे. अतिनील किरणांत 320 नॅनोमीटर तरंगलांबीकडून 290कडे जाताना ओझोनमुळे ऊन हजारो पटींनी घटतं. दिव्याची घसरण त्यामानाने किरकोळच. त्यामुळे सेन्सर गच्चीवर नेऊन स्पेक्ट्रोरेडिओमीटरच्या, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणाऱ्या यंत्राच्या, शेजारी बसवावाच लागतो. आम्ही मेच्या मध्यात बसवला, पुण्याच्या शून्य सावलीच्या दिवशी. क्षितिजापासून थेट डोक्यावरपर्यंत सूर्याचे सगळे कोन एका दिवसात मिळतात. साडेबाराला खाली लोक बाटल्या उभ्या करून फोटो काढत होते. वर आमच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर सकाळपासून सरकत चाललं होतं. थोडं सरकतंच, पण याला काही धरबंधच नव्हता.

सेन्सरच्या आतली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खिडकीत पाहिलं. निळे असायला हवेत ते दाणे फिक्कट गुलाबी. या जातीच्या सेन्सरमध्ये अतिनील किरण फॉस्फरच्या थरावर पडून दृश्य प्रकाश होतात, आणि आत दमट झालं की त्याचा प्रतिसादच बदलतो. जेल बदलून आठवडाभराने पुन्हा गच्चीवर नेला, तर गुणोत्तर वेगळंच! संस्थेच्या देखभालीच्या वहीत मात्र दर महिन्याला ‘जेल तपासले, ठीक’. एकाच पेनाने, एकाच हाताचं.

सेन्सरचा आकडा कितीने गुणायचा, याचा सूर्याचा कोन आणि ओझोननुसार तक्ता मी दिला, आणि जुन्या डेटाला तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलं. लगेच संस्थेचा फोन. “मॅडम, एकच आकडा द्या ना, एक्सेलमध्ये गुणून टाकतो.”

“दाणे गुलाबी कधी झाले, सांगता येईल?”

“ते कसं सांगणार? मग सरासरी तरी?”

त्यांच्या आलेखात गेल्या काही वर्षांत यूव्ही घसरत आलाय. धुळीने, धुराने तो खरंच घटू शकतो, त्यामुळे घसरण खोटी असंही मला म्हणता येत नाही. त्यातली आकाशाची किती आणि ओलीची किती, हे वेगळं काढायला त्या काळातला शेजारचा दुसरा सेन्सर हवा होता. तो त्यांनी बजेट नाही म्हणून घेतलाच नव्हता.