पावणेसहा अंश

भूमितीची प्रमेयं मला पाठ होती. समजली होती असं नाही म्हणत, पाठ होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं शुभंकरोतीच्या चालीवर. नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ ते ऐकून ऐकून 'बाकोबा, कोबाको, बाबाबा' म्हणत लगोरी खेळायचा.

दहावीच्या सहामाहीत सरांनी एवढंच केलं, की पुस्तकातल्या एबीसी त्रिकोणाचा पीक्यूआर केला आणि तो आडवा पाडला. अर्धा वर्ग गारद. मी तर सिद्धता एबीसीचीच लिहून आले, आकृतीत ए कुठेच नसताना. पेपर वाटताना सर म्हणाले, "त्रिकोणाचं नाव बदललं तर ओळख विसरलात होय रे!" सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन रडले.

अण्णा एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर. शिक्षण आठवी. हेल्पर म्हणून लागले आणि बघून बघून लेथ, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापायचं मशीन, शिकले. दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला यायचे, अंगाला कुलंटचा वास. त्या हिवाळ्यात एका रात्री मी जागीच होते. त्यांनी खिशातून तेलकट ड्रॉइंग काढलं. उद्या एका जॉबला, म्हणजे मशीनवरच्या तुकड्याला, टेपर मारायचा होता, निमुळता उतार द्यायचा होता : मोठा व्यास 40 मिलीमीटर, छोटा 30, लांबी 50.

"तुमच्यात हे असतं ना? सांग, कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारी सरक, किती डिग्री फिरवू?"

मी हरखले. जॉब मधोमध उभा कापल्यासारखा काढला, आणि एकदम काटकोन त्रिकोण दिसला. दोन्ही बाजूंना फरक निम्मा, म्हणजे समोरची बाजू 5, लगतची 50. समोरची भागिले लगतची, टॅन बरोबर 0.1. त्याला कुणी एबीसी म्हटलं नव्हतं, पीक्यूआरही नाही, तरी तो माझा मला सापडला होता. आणि तिथेच गाडी अडली. टॅन 0.1 म्हणजे कोन किती?

"अण्णा, आम्हाला तीस, पंचेचाळीस आणि साठच असतात."

"मग साठचा जॉब येईपर्यंत मशीन बंद ठेवू?"

मग त्यांनीच दाखवलं. व्यासातला फरक भागिले लांबी, गुणिले 28.6. दहा भागिले पन्नास, 0.2. उत्तर 5.72. पावणेसहाला लावायचं, पहिल्या जॉबला निळा रंग लावून गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, फिरवून बघायचं, रंग कुठे पुसला गेला त्यावरून जरा इकडेतिकडे. मी विचारलं, हे 28.6 कुठून आलं? म्हणाले, मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्रींना कुणी सांगितलं ते मिस्त्रींना ठाऊक. म्हणजे अण्णांचंही पाठच होतं की! फक्त त्यांचं चुकलं तर जॉब भंगारात जायचा, माझे नुसते मार्क.

(शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवळालीत, द. रा. कापरेकर 1930 ते 1962 शाळामास्तर होते. 6174 या आकड्याची गंमत त्यांची, 1949 सालची. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतंच. माझं दहावीचं साल 1996 घेतलं तर 8262, 6354, 3087, 8352 आणि पाचव्याला 6174. आम्हाला हे दहा वर्षांत एकदाही शाळेत कुणी सांगितलं नाही. याचा राग मला सहामाहीच्या मार्कांपेक्षा जास्त आहे.)

28.6 चं कोडं अकरावीत रेडियन आले तेव्हा सुटलं. एक रेडियन म्हणजे साधारण 57.3 अंश. लहान कोनाचा टॅन आणि रेडियनमधला तो कोन जवळजवळ सारखेच. व्यासातला फरक दोन बाजूंना वाटला जातो म्हणून 57.3 चं निम्मं. बसस्टॉपवरून मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. अण्णा जेवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे बरोबर होतं ना?"

मला थोडा भाव खायचा होता. म्हटलं, "नाही अण्णा, मोठ्या कोनाला चुकतं. कंपाउंड 45 अंश फिरवायचा असेल तर तुमचा हिशोब 57 सांगेल."

"दहाच्या वर आम्ही तो वापरतच नाही," अण्णा म्हणाले आणि आईकडे ताट सरकवत अर्धी भाकरी मागितली.

परवा मुलीच्या अभ्यासासाठी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता, तेव्हा तो जुना जॉब आठवला. 5.71 आलं. अण्णा आता रिटायर झालेत, पण कान तिखट. पलंगावरून विचारलं, "किती फरक?"

"एक शतांश अंश."

"तेवढं पॉलिश पेपरने निघतं."