तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅट घेतला, पण सोसायटी मेंबर करून घेत नाही

"रजिस्ट्रेशन होऊन वर्ष झालं, शेअर सर्टिफिकेटवर अजून जुन्या मालकाचंच नाव. कमिटी म्हणते आधी एनओसी, आधी डोनेशन. काय करू?" महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांबद्दल हे इतके जण विचारतात, की मी आधी उलट विचारतो: अर्जाची पोच आहे का?

बहुतेकांकडे नसते. अर्ज सेक्रेटरीच्या हातात दिलेला असतो किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेला. गाडं इथेच अडतं. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ प्रमाणे उत्तर कळवायला सोसायटीला तीन महिने असतात, अर्ज मिळाल्यापासून. तेवढ्यात काहीच कळवलं नाही, तर तुम्ही मानीव सदस्य, म्हणजे कायद्याने सदस्य धरले जाता. पण अर्ज कधी मिळाला हेच दाखवता आलं नाही, तर तीन महिने मोजणार कुठून?

अर्ज ठरलेल्या नमुन्यातच द्या. सोबत नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा व्यवहाराचा उतारा), प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतरण फी ५०० रुपये आणि मूळ शेअर सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट शेवटचा चेक देतानाच विकणाऱ्याकडून घ्या. नंतर तो फोन उचलेलच असं नाही. जोडलेल्या कागदांची यादीही पोचेवर घ्या, नाहीतर "अर्ज अपुरा होता" ही पळवाट तयार असते. अर्ज घ्यायलाच नकार दिला, तर कलम २३ खाली फीसह तो सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे द्या. ते तो सोसायटीला पाठवतात, आणि तिने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तरीही तुम्ही मानीव सदस्य होता.

आता डोनेशन. ट्रान्सफर प्रीमियमची, म्हणजे फ्लॅट हस्तांतरासाठी फीशिवाय सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. वारसाला किंवा कुटुंबातल्याच माणसाला हस्तांतर असेल तर तोही नाही. "एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) ठराव झालाय" हे कमिटीचं आवडतं वाक्य. ठरावाने ही मर्यादा वाढत नाही. ट्रान्सफरच्या तोंडावर मागितलेली 'ऐच्छिक' देणगी किती ऐच्छिक असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

एनओसीबद्दल (ना-हरकत पत्राबद्दल) आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, स्पष्ट आहेत: विक्रीसाठी ती सक्तीची नाही. विकणाऱ्याने १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. बँक कर्जासाठी एनओसी मागते, तो भाग वेगळा.

एका बाबतीत मात्र कमिटीचं बरोबर असतं: जुन्या मालकाची थकबाकी. करारापूर्वीच 'नो ड्यूज', म्हणजे थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, घ्या. आणि चिडून मेंटेनन्स थांबवू नका. नसलेलं कारण तुम्हीच त्यांच्या हातात द्याल.

नकार आलाच तर तो कारणांसह लेखी हवा. त्यावर उपनिबंधकांकडे अपील करता येतं. मानीव सदस्यत्वही रजिस्टरवर आपोआप चढत नाही. तसा आदेश उपनिबंधकांकडून मागून घ्यावा लागतो, आणि तिथेही पहिला कागद लागतो तो पोचेचाच.