मीटरवरचा लाल दिवा

आमचं लेथचं, म्हणजे लोखंड फिरवत फिरवत कापायच्या मशीनचं, वर्कशॉप हिंगणघाटजवळच्या एका गावात, रस्त्याला लागून. कापूस घरात यायला लागला की जिनिंगवाल्यांचे झिजलेले शाफ्ट आमच्या दारात येऊन पडतात. त्या ऑक्टोबरात मात्र काम नेहमीएवढंच आणि बिल फुगलेलं. मीटरच पळतोय, असं मी धरून चाललो होतो. तक्रार द्यायला निघालोही होतो.

निघता निघता मीटरपाशी थांबलो. पाटीवर 1600 चा आकडा. म्हणजे लाल दिवा 1600 वेळा लुकलुकला की एक युनिट. कॉम्प्रेसर थांबलेला, फक्त लेथ फिरत होती, तीही रिकामी. लेथ चालवणारे आमचे टर्नर काका मापाचं व्हर्नियर शोधत होते. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला 16. तासाला 960, अर्ध्या युनिटाहून जास्त, आणि चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, कापायचा जॉबच नाही!

"काका, बंद काहून नाही करत?"

"पुन्हा चालू कराले लय करंट खाते ना भाऊ."

मलाही तसंच वाटायचं. करून पाहिलं. 5 एचपीची मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते खरी, पण दोन सेकंदांपुरती. दिवा नऊदा लुकलुकला. म्हणजे अर्धं मिनिट रिकामं फिरण्याएवढाच खर्च. काकांचा विश्वास बसेना, त्यांनी स्वतः दोनदा मोजलं. (दर मिनिटाला चालू-बंद केली तर मोटर तापते, हे त्यांचं म्हणणं मात्र बरोबर.)

मग शाफ्ट चढवला, 50 मिमीचा. जुन्या टूलचं ब्रेझिंगने (डाग देऊन) चिकटवलेलं टोक उडेल म्हणून काका पातळ पातळ कट घ्यायचे. त्याला 22 मिनिटं लागली, लुकलुक 620. दुसऱ्या तशाच शाफ्टला कार्बाइड इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कठीण टोक) लावून खोल कट घेतला. दिवा भराभर उघडमीट करू लागला, काकांच्या कपाळावर आठ्या. पण 12 मिनिटांत शाफ्ट उतरला, लुकलुक 455. लोखंड दोन्हीकडून तेवढंच निघालं होतं. वाचली ती 10 मिनिटं मशीन नुसती फिरवत ठेवण्याची वीज.

जेवायला बसलो तेव्हा लेथ बंद होती. एरवी ती दुपारीही घरघरत असायची. शेड इतकी शांत की फुस्स असा बारीक आवाज कानावर आला, आणि थोड्या वेळाने कॉम्प्रेसर आपोआप धडधडू लागला. हवा तर कोणीच वापरत नव्हतं. पाइपच्या जॉइंटला साबणाचा फेस लावला, तर हे मोठे बुडबुडे!

"याचंबी मोजू का?" म्हणत काका डबा तसाच टाकून मीटरकडे निघाले.