मिनिव्हॅनमागचा ट्रेलर, नोंद ३: प्रकार ठरला

सुट्टीत मुक्कामाला नेता येईल असं चाकांवरचं घर घ्यायचंय. गाडी आहे तीच राहणार: ३,५०० पौंड ओढू शकणारी मिनिव्हॅन. माणसं चार, त्यांत दोन शाळकरी मुलं. मुक्काम न्यू जर्सी. फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर, त्याला पिकअप लागतो, म्हणून तो विषयच नाही. क्लास ए आणि क्लास सी, म्हणजे स्वतः चालणाऱ्या मोठ्या मोटरहोम, दारात उभ्या करायला एचओए (घरमालकांची सोसायटी) परवानगी देत नाही. क्लास बी, म्हणजे ट्रान्झिट, प्रोमास्टर किंवा स्प्रिंटरवर बांधलेली व्हॅन, दारात चालते. पण चौघांना झोपता येईल अशी क्वचित मिळते आणि किंमत ऐकून माणूस गप्प होतो. राहिले ओढायचे ट्रेलर.

डीलर आधी फ्लोअर प्लॅन, म्हणजे आतली मांडणी, दाखवतो. इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी वजन, मग त्यात काय बसतं ते.

३,५०० खरे किती?

मिनिव्हॅनच्या मॅन्युअलमध्ये ३,५०० च्या शेजारी सहसा आणखी एक आकडा असतो, टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर येणारा भार) जास्तीत जास्त ३५० पौंड. म्हणजे बरोबर १० टक्के. ट्रेलर न डुलता सरळ चालायचा तर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, यावा लागतो. १० ही तळाची रेघ आहे, तिच्यावर बेत आखू नये. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल किंवा कुणी मागच्या बंपरवर दोन सायकली चढवल्या की टंग हलकं होतं आणि ६० मैलांच्या वेगात शेपूट हलायला लागते. १२ टक्के धरले तर ३५० ला ०.१२ ने भागून येतात साधारण २,९००. आपली खरी मर्यादा ही, आणि तीही सगळं सामान भरून.

आता वजाबाकी. २० गॅलन पाणी १६७ पौंड (गॅलनला ८.३४). २० पौंडी प्रोपेनचा भरलेला सिलिंडर ३७. लेड-ॲसिड बॅटरी डब्यासकट ५५. भांडी, अंथरुणं, किराणा, खुर्च्या, होज, लेव्हलिंगचे ठोकळे मिळून ३५०. कुकर, तवा आणि तांदळाची पिशवी सोबत नेणाऱ्यांनी हा आकडा कमी धरू नये. बेरीज ६०९. उरले २,२९०. ब्रोशरमधल्या ‘ड्राय वेट’मध्ये (रिकाम्या ट्रेलरच्या वजनात) एसी आणि ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) बऱ्याचदा धरलेले नसतात, त्यांचे शंभरेक काढा. थोडक्यात, ड्राय वेट २,२०० च्या आत.

दुसरी अडचण पेलोडची, म्हणजे गाडी स्वतः किती वजन वाहू शकते त्याची. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. या गाडीचं १,२४०. माणसं ४७०, हिच आणि बॉल माउंट (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याचा दांडा) ५०, गाडीतलं सामान २००, टंग ३५०. एकूण १,०७०. शिल्लक १७०, त्यात छतावरचा बॉक्स आला की संपलं. एकाच मॉडेलच्या वरच्या ट्रिमचं पेलोड कमी असतं, कारण सनरूफ आणि भारी सीट्सही त्यातूनच वजा होतात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका.

आणि हो, टंगचे ३५० मागच्या ॲक्सलवर ३५० राहत नाहीत. बॉल ॲक्सलच्या बराच मागे असल्याने तरफेसारखं काम होतं: मागे जास्त भार पडतो, पुढची चाकं हलकी होतात. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) यावर उपाय आहे, पण काही मिनिव्हॅनची मॅन्युअल तो लावू नका म्हणतात. तिथे मॅन्युअलचंच ऐकायचं.

यादीतून गेलेले

२० ते २२ फुटी ‘लाइट’ ट्रेलर: नावातच लाइट, भरल्यावर ४,००० च्या घरात. बाद. टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, दोघांचा. ए-फ्रेमच्या (उघडल्यावर तिकोनी होणाऱ्या, घडीच्या ट्रेलरच्या) भिंती कडक असतात, उंची कमी असल्याने वारा कमी अडतो, पण चौघांना अडचण.

पॉप-अप, म्हणजे कापडी भिंतींचा घडीचा ट्रेलर, शेवटपर्यंत टिकला होता. वजन बसतं, झोपायला भरपूर जागा, किंमत सगळ्यांत कमी. पण कापड ओलं असताना मिटलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावंच लागतं, नाहीतर बुरशी. एचओएच्या आवारात ते उघडायचं कुठे? फोडणीचा वास कॅनव्हासमधून महिनाभर जात नाही, म्हणजे शेगडी कायम बाहेरच. शिवाय अस्वलांमुळे काही कॅम्पग्राउंडवर कापडी भिंती चालत नाहीत. यलोस्टोनचं फिशिंग ब्रिज त्यांतलंच.

ठरलेला: एकसंध फायबरग्लास, १६ फुटी

साच्यातून काढलेले दोन अर्धे भाग जोडून केलेलं कवच. स्कॅम्प आणि कॅसिटा ही ओळखीची नावं. छताला सांधे कमी, म्हणून गळती कमी, आणि वापरलेल्यांनाही भाव टिकून राहतो. कॅसिटा १७ मोह पाडतो, पण भरला की सहज ३,००० च्या पुढे जातो आणि टंगही जड, तेव्हा मिनिव्हॅनमागे नको. स्कॅम्प १६ हिशोबात बसतो. यात एक निवड करावीच लागते: पुढच्या भागात बाथरूम हवं की मुलांचे बंक (एकावर एक पलंग). दोन्ही बसत नाहीत. इथे बंक घेतले. कॅम्पग्राउंडवर बाथरूम असतंच.

वापरलेला बघताना गळती कमी म्हणजे शून्य नव्हे. स्कॅम्पमध्ये आतली कपाटं बाहेरच्या कवचाला पॉप रिव्हेटने धरलेली असतात. बाहेरून प्रत्येक रिव्हेटवर प्लॅस्टिकची छोटी टोपी. ती उन्हाने तडकली की पाणी रिव्हेटच्या दांड्यावरून आत येतं, अस्तरामागून खाली उतरतं आणि फरशीच्या लाकडात मुरतं. म्हणून डाग छतावर शोधायचे नाहीत. दारापाशी आणि बाकाखालच्या कोपऱ्यांत फरशीला आरीने टोचून बघायचं. टोक पाव इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. टोपी तडकलेली आणि फरशी टणक असेल तर काम सोपं: रिव्हेट ड्रिलने काढा, भोकात ब्यूटिल (पाणी अडवणारं चिकट सीलंट) लावा, नवा रिव्हेट, नवी टोपी.

खाली वाकून ॲक्सल बघा. टॉर्शन ॲक्सलमध्ये स्प्रिंगच्या जागी रबर असतं आणि ते वर्षानुवर्षांच्या भाराने बसतं. रिकाम्या ट्रेलरचा चाकाकडचा दांडा खाली झुकलेला हवा. आडवा किंवा वर गेलेला दिसला तर रबर संपलं. दुरुस्ती होत नाही, अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. तो खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदलायचे.

प्रोपेनचं एक: दक्षिणेला जाताना बाल्टिमोर हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठा सिलिंडर नेता येत नाही. बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल २०२४ मध्ये कोसळल्यापासून आय-६९५ या रिंग रोडच्या पश्चिम बाजूनेच वळसा घालावा लागतो.

पुढचं काम

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, गाडीला मात्र फक्त चार पिनांचं कनेक्टर, तेही दिव्यांपुरतं. सात पिनांचं बसवायचंय, बॅटरीपासून सर्किट ब्रेकरमार्गे स्वतंत्र वायर आणि प्रपोर्शनल कंट्रोलर (गाडी जितकी जोरात थांबते तितक्याच जोराने ट्रेलरचे ब्रेक लावणारा). टाइम-डिलेवाला स्वस्त असतो, पण ब्रेक हळू दाबा की जोरात, तो एकाच ठरलेल्या चालीने जोर लावतो.

टंग वेट घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. चाकांना ठोकळे लावून अडवा, ट्रेलर लेव्हलमध्ये हवा. चार फुटी जाड फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दोन्ही टेकूंमध्ये तीन फूट अंतर. फळी ठेवून काटा शून्य करा. मग विटेपासून एक फुटावर ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जॅक टेकवा आणि काट्यावरचा आकडा तिपटीने घ्या. काटा ११६ च्या (तिप्पट साधारण ३५०) वर गेला तर पुढच्या बाकाखालचं सामान ॲक्सलवर सरकवा आणि पुन्हा मोजा.