ससून डॉक: सातला जाऊ नका, पाचला जा

मुंबईत कुलाब्याच्या ससून डॉकवर, म्हणजे बोटींतून मासळी उतरते त्या धक्क्यावर, सकाळी सातला निवांत जा, लिलाव बघा, स्वस्तात मासळी घ्या, असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. सातला पोचलो तर लिलाव उरकला होता, टेम्पो भरून निघत होते. त्यात गेटाबाहेर एकाने अठराशे रुपयांना चार पापलेटं गळ्यात मारली. परळला मावशीकडे उतरलो होतो. तिने सुरी हातात घ्यायच्या आधी कल्ल्याजवळ अंगठा दाबला. लालसर, मळकट पाणी आलं. "शिळं आहे रे हे," एवढंच म्हणाली. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने पावणेपाचलाच कुलाबा गाठलं. १८७५ सालचा हा डॉक तेव्हा खरा जागा असतो. बोटींवरून क्रेट हातोहात धक्क्यावर येतात, भोवती कोळणींचं कडं पडतं आणि आपल्याला आकडा कळायच्या आत ढीग विकला जातो. एवढं बघायला पुन्हा झोपमोड करीन.

पण गेटापासून धक्क्यापर्यंतची वाट वाईट आहे, अगदी वाईट. बर्फाचं पाणी, खवले आणि मासळीचा बुळबुळीतपणा यांनी जमीन साबण लावल्यासारखी होते. समोरून भरलेल्या हातगाड्या येतात आणि त्या थांबत नाहीत. का थांबतील? बर्फ वितळतोय, माल जायचाय. भाऊजींच्या पायात नवे स्पोर्ट्स शूज होते, तरी ते सपशेल आडवे झाले; कोपर सोलवटलं. एका कोळीणबाईंनी टोपली खाली ठेवून त्यांना उठवलं. पकड असलेले पावसाळी बूटच घाला. भिंतीच्या कडेने चाला. "बाजू, बाजू" ऐकू आलं की मागे वळून बघत बसू नका, आधी सरका. लहान मुलांना आणू नका. कॅमेरा घरीच ठेवा.

लिलावातले क्रेट व्यापाऱ्यांसाठी असतात, आपण त्यात पडू नये. त्यातलाच माल घेऊन कोळणी आतच वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. सुरमईचा भाव बाराशे सांगितला, आठशेला मिळाली. पापलेट स्वतः दाबून बघा. दुधासारखं पांढरं पाणी आलं तरच पैसे काढा. कुणी दाबू देत नसेल तर पुढे चला. गेटाबाहेर काहीही घेऊ नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा यायचं कारण नाही. आम्ही नोव्हेंबरात गेलो.

झाकणाचा डबा न्या, बर्फ आतच मिळतो. बोंबील घेतलेत तर वाटेत नाश्त्याला थांबू नका, थेट घर गाठा. आम्ही अर्धा तास थांबलो, तेवढ्यात पाणी सुटून त्यांचा लगदा व्हायला लागला होता.